नत्थूजी बोलून राहिलो

शामलाने खिडकीच्या झडपा ओढून कडी घातली आणि मगच बळीरामला मान हलवून खूण केली. टॉकीजच्या मागे, बर्फाच्या कारखान्याला लागून असलेली ती खोली एरवी सोड्याच्या क्रेटांनी भरलेली असायची. अंगण ओलांडलं की घर होतं, आणि घरात आई.

बळीरामने मफलर सैल केला.

"ऐका जी. मयूरपंख टॉकीजवरून नत्थूजी बोलून राहिलो."

"नाही," शामला म्हणाली. "'टॉकीजवरून' म्हटल्यावर थांबायचं. छातीत हवा पुरली नाही, असं. मग नाव घ्यायचं, आणि नावाच्या शेवटी आवाज खाली सोडून द्यायचा."

बळीराम ऑर्केस्ट्रात नकला करायचा. नटांचे, पुढाऱ्यांचे, स्टेशनवर गाड्या सांगणाऱ्या बाईचे आवाज काढून लोकांना हसवायचा. आता हसू येणार आहे असा एक भाव त्याच्या चेहऱ्यावर कायमचा बसला होता, आणि तो पुसायलाच तिला बरेच दिवस लागले होते. त्याने डोळे मिटले आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

क्रेटवर बसलेला कृष्णकांत उठून उभा राहिला. वडील खोलीत आले की तो असाच उठत असे. आपण उभे आहोत हे लक्षात आल्यावर त्याने शर्टावरची नसलेली धूळ झटकली आणि पुन्हा बसला.

"जमलं, ताई," कृष्णकांत म्हणाला. "येत्या शुक्रवारी काढू रिक्षा."

त्यांच्या वडिलांची, नत्थूजींची तेरवी होऊन महिनाच झाला होता.

मयूरपंखकडे शहरातल्या सगळ्यांत चांगल्या खुर्च्या नव्हत्या, सगळ्यांत मोठा पडदाही नव्हता. पंखे तर सिनेमातल्या संवादांवर कुरघोडी करत. तिच्याकडे होते ते नत्थूजी. दर शुक्रवारी सकाळी सायकलरिक्षावर भोंगा बांधून ते स्वतः निघत. महाल, इतवारी, गांधीबाग असं नागपूरभर फिरत, आणि आदल्या दिवशी एकट्याने बसून पाहिलेला सिनेमा कसा आहे ते लोकांना सांगत. खरं सांगत. मध्यंतरानंतर लांबला आहे, गाणी बरी आहेत, लेकरं घरी ठेवा. एकदा तर या हप्त्यात येऊच नका म्हणाले होते आणि हसत घरी आले होते. मग त्याच दमात आपला सोडा, आपला बर्फ, लग्नाला भाड्याने द्यायची बिछायत यांचं सांगत, आणि ज्या लोकांना सिनेमाचं पटलेलं असे त्यांना गाद्या-सतरंज्यांचंही पटे. भिवापूरहून मिरची घेऊन आलेला माणूस, पारशिवनीहून लग्नाचं कापड घ्यायला आलेलं कुटुंब दुकानाची पायरी चढता चढता विचारी, नत्थूजी काय म्हणून राहिले?

शामला भंडाऱ्याच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. शेजाऱ्याला जी गोष्ट करता येत नाही तीच धंद्यात आपली, असं वर्गात सांगताना तिच्या डोळ्यांपुढे ती रिक्षा येई. पण चार धंदे एका गळ्यावर टांगलेले असावेत, याची तिला भीती वाटायची. निदान टेप करून ठेवा, असं तिने एकदा वडिलांना म्हटलं होतं.

"टेप चोरीले जाते वं," ते म्हणाले होते. "गळा कोण नेते?"

मग त्यांच्या फुप्फुसांचं दुखणं निघालं. शामला मोठी रजा काढून नागपूरला आली आणि शेवटपर्यंत त्यांच्या खाटेशी बसली. कृष्णकांत भोंगा घेऊन निघू लागला. त्याचा आवाज वाईट नव्हता, पण लोक तो कुठल्याही जाहिरातीसारखा ऐकत आणि पुढे जात. त्याच हिवाळ्यात शहराच्या सदर भागात भैय्याजी नावाच्या शेठची नवी टॉकीज उघडली. एअरकंडिशन, गुबगुबीत खुर्च्या, जिन्याला आरसे. मयूरपंखची बाल्कनी रिकामी पडू लागली. पाठोपाठ सोड्याची मागणी घटली, आणि लग्नसराई तोंडावर आली तरी बिछायत सांगायला कोणी फिरकलं नाही. टॉकीज गेली की बाकीचं आपोआप जाईल, हे दोघांनाही कळत होतं. तोंडाने कोणी म्हणत नव्हतं.

बळीरामकडून वडिलांचा आवाज काढून घ्यायची कल्पना कृष्णकांतची. शामलाने साफ नाही म्हटलं होतं. पण त्याने बळीरामला आणून उभाच केला, आणि बळीरामने वडिलांचं वाक्य इतकं चुकीचं, इतकं सवंग म्हटलं की तिला ते सहन झालं नाही. तसं नाही, असं तिच्या तोंडून निघून गेलं. तिथून सुरुवात झाली.

पहिल्या शुक्रवारी ती गांधीबागेत ओमप्रकाश शेठच्या कापडाच्या दुकानात जाऊन बसली. रिक्षाला चारी बाजूंनी पडदा लावला होता. नत्थूजी गेले हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यातले कितीतरी जण घाटावर आले होते. लोक हसतील, एवढीच तिची भीती होती. भोंगा बोलू लागला. गजाने कापड मोजणारे हात थांबले. समोरच्या ओट्यावरच्या एका बाईने डोक्यावर पदर घेतला. कोणी हसलं नाही. रिक्षा वळणाआड जाईपर्यंत सगळे त्या दिशेला पाहत राहिले. लोक हसले असते तर बरं झालं असतं, असं शामलाला वाटलं.

संध्याकाळचा खेळ भरला. पुढचाही. बिछायतीची माणसं येऊ लागली. ओमप्रकाश शेठ एकदा ठाण गुंडाळता गुंडाळता तिला म्हणाले, "बेटी, आवाज तर तोच आहे. पण बाबूजी आता थकून बोलतात. ऐकलं की पाणी द्यावंसं वाटते." म्हातारा माणूस, मायेने बोलतो आहे, असं तिने धरलं.

एका गुरुवारी आलेला सिनेमा टुकार निघाला. शामलाने तो पाहिला आणि बळीरामने म्हणावं म्हणून तसं लिहून दिलं. कृष्णकांतने ते वाचलं, खिशात घातलं, आणि दुसऱ्या दिवशी भोंग्यातून नत्थूजी सगळ्यांना सहकुटुंब या म्हणाले. त्या दिवसापासून रिक्षा निघाली की शामला खिडकीच्या झडपा ओढून घेई. जो जे सांगेल ते तो आवाज म्हणत होता. उद्या आणखी कोणी आणखी काही सांगेल.

आईच्या कानावर यातलं काही गेलं नव्हतं. रिक्षा घराच्या गल्लीत आणायची नाही, असं ठरलंच होतं. देवकीबाई टॉकीजकडे फिरकत नसत. धान्य निवडत, दुपारी अंगणात बसत, आणि मुलांशी कामापुरतं बोलत.

मग एका बुधवारी बळीराम आला नाही. गुरुवारीही नाही. कृष्णकांत त्याच्या घरी गेला आणि परत आला तो चप्पल न काढताच ओसरीवर बसला. भैय्याजींनी बळीरामला ठेवून घेतलं होतं, पगारी. कृष्णकांतने त्याला आधी समजावलं, मग दटावलं, शेवटी हात जोडले होते.

"काय म्हणाला तो?" शामलाने विचारलं.

"म्हणे, नत्थूजीचं नाव नाही घेत मी तिथं. नुसता गळा वापरतो. अन् गळा तर माह्या आहे ना, भाऊ?"

शुक्रवारी सकाळी भैय्याजींची जीप निघाली. तिला कोणती गल्ली वर्ज्य असायचं कारण नव्हतं. शामला अंगणात होती. आधी इंजिनाचा आवाज आला, मग वडील बोलू लागले. थंडगार हवा आणि मऊ खुर्च्यांचं कौतुक करत, सदरच्या टॉकीजवर यायचं आवतण देत, ते घरावरून गेले. टॉकीजचं नाव घेऊन झाल्यावर थांबले. छातीत हवा पुरली नाही, असे.

तिने मागे पाहिलं तेव्हा आई दारात उभी होती.

"आई, तू आत जा," कृष्णकांत घाईने म्हणाला.

देवकीबाई हलल्या नाहीत. जीप दूर जाईपर्यंत त्या ऐकत राहिल्या. चेहऱ्यावर रडू नव्हतं, रागही नव्हता. भाजी निवडताना किडकं पान दिसावं तसं कपाळ बारीक आवळलेलं होतं.

"हा तर खाटेवरचा आवाज आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"बरे होते तेव्हा ते असं थांबत नव्हते. टॉकीजचं नाव अन् त्यायचं नाव एका दमात येत जाय. हे थांबणं शेवटचं आहे, दम लागे तेव्हाचं." त्यांनी शामलाकडे पाहिलं. "तू शिकवलं वं त्याले?"

शामलाने मान हलवली. बरोबर, तिनेच शिकवलं होतं. रिक्षावरचा आवाज तिच्या कानांवरून आयुष्यभर गेला होता, गल्लीतल्या इतर आवाजांसारखा. तो लक्ष देऊन तिने कधी ऐकलाच नव्हता. लक्ष देऊन ऐकलं ते खाटेशी बसून, एकेका श्वासाची वाट पाहत. तेच तिने जपलं, आणि तेच शहरभर फिरवलं.

कृष्णकांत उठून उभा राहिला होता. त्याच्या डोळ्यांत इतक्या दिवसांनी काहीतरी हललं.

"म्हणजे भैय्याजीनं आजारी आवाज नेला," तो म्हणाला. "खरा आपल्यापाशीच आहे. आई, तू सांग ते कसे बोलत जायचे. मी दुसरा माणूस आणतो."

"मी नाही सांगत."

"काहून? टॉकीज बंद पडून राहिली, आई. हा महिना नाही निघाला तर—"

"तुमच्याजवळ होता तो तुम्ही देऊन टाकला," देवकीबाई म्हणाल्या. "माह्याजवळचा माह्यापाशी राहू दे."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने सुपात धान्य पाखडल्याचा आवाज येऊ लागला.

पुढच्या हप्त्यात कृष्णकांतने कामठीहून चंद्रभान नावाचा एक तरुण आणला. गोरा, नम्र, स्वच्छ आवाजाचा. ताई शिकवतील, असं कृष्णकांतने त्याला सांगून ठेवलं होतं, आणि शामलाने नाही म्हटलं नव्हतं. आईने एक गोष्ट नकळत सांगितलीच होती, एका दमात. तेवढं धरून बाकीचं आठवता येईल, असं ती स्वतःला सांगत होती.

शुक्रवारी सकाळी ते टॉकीजच्या व्हरांड्यात जमले. तिकिटाची खिडकी अजून बंद होती. रिक्षावर भोंगा बांधून तयार होता. सकाळीच कृष्णकांत तिला म्हणाला होता, आज आपण निघालो नाही तर निघायचं कारण उरणार नाही.

चंद्रभानने माइक दोन्ही हातांत धरला होता.

"ताई, एकदा म्हणून दाखवा," तो म्हणाला. "मग मी पकडतो."

शामलाने डोळे मिटले. दरवाज्याशी उभे राहून लोकांना जागेवर बसायला सांगणारे वडील तिने आठवले. त्यांचे ओठ हलले, आणि आवाज आला तो बळीरामचा. ती आठवणीत मागे गेली. ती कॉलेजला निघाली तेव्हा बसच्या खिडकीशी येऊन काहीतरी म्हणाले होते ते वडील. तोच आवाज, तसाच मध्ये अडलेला. आणखी मागे गेली. ती लहान होती, ते अंगणातून तिला हाक मारत होते, धडधाकट, बाह्या वर सारलेले, आणि हाकेच्या मधोमध त्यांच्या छातीत हवा पुरत नव्हती. पोरवयातल्या त्या अंगणातही तिला खाटेशेजारची औषधाची बाटली दिसू लागली. तिने डोळे उघडले.

"काय झालं?" कृष्णकांतने विचारलं.

चंद्रभान आदबीने वाट पाहत होता, शिकायला आलेल्या मुलासारखा, थोडा पुढे वाकून.

चौकाच्या बाजूने जीप येत होती. आधी इंजिन ऐकू आलं, मग भोंगा. रस्त्यावरची एक-दोन माणसं तिकडे वळून पाहू लागली. कृष्णकांतने दात आवळून मान फिरवली.

शामलाने चंद्रभानच्या हातातला माइक काढून रिक्षाच्या सीटवर ठेवला आणि त्याचा दंड धरून त्याला पायरीपर्यंत पुढे आणलं. आवाज जवळ आला, त्यांच्या समोरून जाऊ लागला, आणि तो थांबला तिथे तिनेही श्वास घेतला.

"नीट ऐका," ती हळूच म्हणाली. "बाबूजी असेच बोलत."