तपासणीच्या खोलीबाहेरची पाण्याची टाकी

मित्रांनो, आधी फायद्याचं बोलू, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. शेजारच्या शाळेत दोन मुलांच्या दप्तरात नशेच्या गोळ्या सापडल्या आणि तिथले पालक दुसरी शाळा शोधू लागले. आमच्या मुख्याध्यापकांनी मनातल्या मनात गणित केलं : आपल्या खेळाडूंची नशेची तपासणी करायची, फाटकावर तसा फलक लावायचा, की ते सगळे पालक आपल्याच दारात. फायदा माझाही होता. मी अडगळीच्या खोलीतून बाहेर येणार होते.

मी एक जुनी, स्टीलची पाण्याची टाकी. पुढे तोटी, बाजूला साखळीला बांधलेला पेला. कारखान्यातून ठोकून-जोडून बाहेर पडले तेव्हा माझ्या चकचकीत पोटात बघून लोक भांग पाडायचे. मैदानाजवळच्या व्हरांड्यात माझी नेमणूक झाली. खेळून आलेली मुलं तोटीला तोंड लावायची, निम्मं पाणी सदऱ्यावर सांडायची आणि "आहाहा!" म्हणायची. मला तेवढा पगार पुरे होता. मग भिंतीवर लुकलुकत्या दिव्यांचं, पाणी शुद्ध करणारं यंत्र आलं. ते पाण्यापेक्षा आवाजच जास्त करायचं, पण नवीन होतं. मला मोडक्या बाकांत नेऊन टाकलं.

तपासणीच्या दिवशी शिपायाने मला खसाखसा घासलं आणि आजारी मुलांच्या खोलीबाहेर उभं केलं. प्रत्येक खेळाडूने प्लास्टिकच्या डबीत लघवीचा नमुना द्यायचा होता. ज्यांना होत नसेल त्यांनी पाणी प्यायचं. माझं काम तेवढंच.

रांगेत टोळ होती. उंच उडी मारणारी आठवीतली मुलगी. पाय लांबलचक, म्हणून हे नाव. पुढच्या रविवारी शाळाशाळांची स्पर्धा होती आणि त्यातूनच क्रीडा वसतिगृहासाठी मुली निवडणार होते. टोळ वर्षभर त्याच एका दिवसासाठी उड्या मारत होती.

स्वच्छतागृहाच्या दाराची कडी काढून टाकली होती. बाहेर नर्सबाई उभ्या. टोळ आत गेली आणि रिकामी डबी घेऊन परत आली.

"नाही होत, बाई. तुम्ही बाहेरून ऐकताय ना."

"अगं, मला काय हौस आलीय? वरून हुकूम आहे. पाणी पी, बाळा, होईल आपोआप."

ती पेल्यावर पेला प्यायली. नर्सबाई स्वतः भरून देत होत्या. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, सरका, धरण भरत आलंय!" सगळी रांग खिदळली. टोळ आणखी लाजली, आणि आणखी प्यायली. शेवटी डबी भरली. आतलं माझ्या पाण्याइतकंच नितळ होतं.

चार दिवसांनी प्रयोगशाळेने कळवलं : नमुना फार पातळ, काहीच सांगता येत नाही. नशा सापडली असं त्यात कुठेही नव्हतं. पण मुख्याध्यापक माझ्यासमोरच नर्सबाईंना म्हणाले, "पाणी ढोसून नमुना पातळ करणं ही पळवाट असते. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासू. तोवर मुलगी संघाबाहेर."

"सर, पाणी मीच पाजलं हो तिला."

"म्हणजे तपासणी तुमच्या हातून बिघडली, असं कळवू का संस्थेला?"

नर्सबाईंची नोकरी कंत्राटी. त्यांनी माझ्या तोटीखालचं सांडलेलं पाणी पुसायला घेतलं. पुसून झालं तरी पुसतच राहिल्या.

टोळची आई बसमध्ये कंडक्टर. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती गणवेशातच आली आणि सरांशी कडाकडा भांडली. "माझी पोर सर्दीची गोळीसुद्धा नाक दाबून गिळते, आणि तुम्ही तिला नशेबाज ठरवता?" सर "नियम सगळ्यांना सारखा" एवढंच म्हणत राहिले. बाहेर आल्यावर आईने लेकीला माझ्या आडोशाला ओढलं आणि आवाज खाली आणला.

"हे बघ, फक्त मला सांग. मी रागावणार नाही. काही घेतलं होतंस का गं?"

आई चेष्टा करतेय, असंच टोळला आधी वाटलं. मग तिने आईचा चेहरा पाहिला. हात सोडवून घेतला आणि सरळ वर्गात गेली.

रविवार गेला. पुढच्या महिन्यातला नमुना स्वच्छ निघाला, तसा कागदही घरी गेला. वसतिगृहातल्या जागा तोवर भरल्या होत्या.

मित्रांनो, मी आता पुन्हा व्हरांड्यात आहे; यंत्र बिघडलं आणि तपासणीसाठी बाहेर काढलेली मी समोरच होते. तोटी गळते, वायसर कोणी बदलत नाही. ते मी मनाला लावून घेत नाही. या वयात एवढं गळणं चालायचंच. मागणं एकच : कुणी घाबरून पाणी पीत असेल, तर त्याच्या डबीत डोकावण्याआधी त्याला कशाची भीती वाटतेय ते विचारा. विचारायला प्रयोगशाळा लागत नाही.

फलक फाटकावर झळकतोय. प्रवेशाच्या चौकशा वाढल्यात, प्रयोगशाळेला पुढच्या वर्षाचंही काम मिळालं, नर्सबाईंचं कंत्राट वाढलं. मलाही जागा मिळाली, ते कशाला लपवू? टोळ मात्र शाळेत पाणी पीत नाही. डबा खाल्ल्यावर नाही, खेळाच्या तासालाही नाही. सुकलेल्या ओठांनी माझ्यासमोरून जाते आणि घरी पोचेपर्यंत तशीच राहते. बाकीच्यांना मिळायचं ते एकदाच मिळून गेलं. त्याची किंमत ती एकटी मोजतेय, आणि रोज मोजतेय.