सहा आणि वर थोडं

मी सदतीस दातांचा म्हातारा बोलतोय. माझे सगळे दात शाबूत आहेत. तुटला तो माझ्या धाकट्याचा. जुन्या मोटारीच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध बसणारं मोठं दातेरी चाक म्हणजे मी. मला क्राऊन म्हणतात. माझा धाकटा म्हणजे सहा दातांचं पिनियन. तो सहा वेळा आणि वर थोडं फिरला की मी एकदा फिरतो. वेग आमचा बेताचा, पण ताकद विचारू नका!

जन्म परदेशातल्या कारखान्यातला. पहिला मालक मुंबईचा एक वकील. महायुद्धात पेट्रोल आटलं आणि गाडी पडवीत धूळ खात पडली. वकिलीणबाई बॉनेटवर पापड वाळत घालायच्या. पुढं १९५१ साली अर्नाळ्याच्या सेबेस्टियननं आम्हाला घेतलं, मागची सीट उपटून काढली आणि तिथं मासळीच्या टोपल्या रचल्या. तेव्हा कुठं माझ्या ताकदीचं चीज झालं.

सेबेस्टियन जातीचा कोळी. त्यांच्यात समुद्रावर पुरुष जातात आणि मासळी विकतात बायका. गाडी म्हणजे होडीच, असं त्याच्या डोक्यात बसलेलं. म्हणून त्याची बायको आग्नेस मागं टोपल्यांशेजारी बसायची, पण गाडीच्या कामाला तिनं हात लावायचा नाही. तिनं ते मुकाट्यानं चालवून घेतलं. गाडी यायच्या आधी ती डोक्यावर टोपली घेऊन विरार स्टेशनापर्यंत चालत जायची, आणि त्यात तिचा एक गुडघा कामातून गेला होता.

एके दिवशी गाडी वाळूत रुतली. सेबेस्टियननं रागाच्या भरात क्लच झटकन सोडला आणि कडाक्! धाकट्याचा एक दात अर्धा तुटला. हातानं फिरवलं तर आम्ही फिरत होतो, पण ओझं ओढणं संपलं.

विरारचा मेकॅनिक धर्मा येऊन बघून गेला. "ह्या गाडीत क्राऊन-पिनियनच्या तीन तऱ्हेच्या जोड्या यायच्या," तो म्हणाला. "चारवाली, पाचवाली, सहावाली. डब्यावर कोरलेला आकडा खाऱ्या वाऱ्यानं खाल्लाय. मागचं चाक एकदा फिरव, इंजिनाकडून येनारा शाफ्ट किती वेळा फिरतो ते मोज, आनि तसली जोडी मुंबईच्या भंगारवाल्याकडनं आन. मंग मी उघडतो. आताच उघडलं तर आत वाळू शिरंल. आनि ध्यानात ठेव, भंगारवाला इकलेला माल परत घेत नाय."

होडी घासायची असली की ती एका अंगावर कलती करतात. सेबेस्टियननं गाडीही तशीच एका अंगानं उचलली. एकच चाक वर. शाफ्टवर खडूची रेघ ओढली आणि चाक एक फेरा फिरवलं. रेघ तीनदा वर आली.

तीन! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अहो, मला दोन्ही चाकं मिळून फिरवतात. दुसरं जमीन धरून बसलं होतं, म्हणून मी अर्धाच फिरलो होतो. पण माझं ऐकतो कोण?

"तीन," सेबेस्टियन म्हणाला. "चारवाली आनतो."

आग्नेस ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत होती. तिला मोटारीतलं काही कळत नव्हतं. पण चुकीची जोडी आली तर टोपली पुन्हा आपल्या डोक्यावर येणार, हे तिला पक्कं कळत होतं.

"धर्मानं तीन सांगितलंच नाय," ती म्हणाली.

"चार त्याला जवळच हाय."

"जवळचा म्हनून लहान जोडा पायात घालाल काय? अवो, ते दुसरं चाक बघा. तराजूचं एकच पारडं उचलून कोन वजन करतं?"

सेबेस्टियन पुटपुटला, पण माडाचा ओंडका लावून त्यानं दुसरं चाकही उचललं. आता एक चाक फिरवलं तर पलीकडचं उलटं फिरू लागलं आणि रेघ जागची हलेना. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच. त्याला घाम फुटला.

आग्नेस लंगडत आली आणि न विचारता तिनं पलीकडचं चाक धरलं. सेबेस्टियननं आपल्या बाजूचं चाक धरलं.

"माझ्याबरोबर फिरव," तो म्हणाला. "घाई नको."

त्याची म्हातारी आई तेरेसा रोझरी घेऊन रेघेसमोर बसली. रेघ वर आली की एक मणी पुढं. दोघांनी दोन्ही चाकं एकाच दिशेनं, बरोबरीनं, फेराभर फिरवली. इतक्या जपून मला कुणीच फिरवलं नव्हतं.

"सहा," तेरेसा म्हणाली. "आनि वर थोडं."

होय, आज्जी, तोच मी!

सहावाली जोडी आली. धर्मानं आम्हाला काढून तिला बसवलं. पहिल्या खेपेला सेबेस्टियननं पुढचं दार उघडून धरलं आणि आग्नेसला म्हणाला, "हितं बस." गाडी टोपल्यांसकट वाळूतून सरळ निघून गेली. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण अभिमान जास्त वाटला.

आग्नेसनं मला भंगारात जाऊ दिलं नाही. सुकत घातलेल्या जवळ्यावरचं जाळं उडू नये म्हणून मी त्याच्या कोपऱ्यावर बसतो. अंगावर गंज चढतोय, चढू दे. तुम्हाला एवढंच सांगणं: माझ्यासारख्याची ओळख पटवायची वेळ आली, तर दोन्ही चाकं उचला आणि दुसरं चाक धरायला कुणाला तरी हाक मारा.

परवा आग्नेस माझ्याशेजारी बसून केस विंचरत होती. वर्षानुवर्षं टोपली घासून तिच्या टाळूवर टक्कल पडलं होतं. तिथं आता बोटभर केस आले आहेत.