तीन किलोचं पासंग

मी एक जुना तराजू आहे, मित्रांनो. माणूस मांडी घालून बसेल एवढी माझी दोन पारडी, पुरुषभर लांब दांडी आणि मध्ये पितळेचा काटा. दिसायला मी आजही रुबाबदार आहे. पण तुमच्याशी तरी लपवाछपवी नको. माझी सगळी उमेदीची वर्षं खोटं बोलण्यात गेली.

परभणीच्या एका लोहारानं मला घडवलं. मूठभर ज्वारी टाकली तरी माझा काटा हलत असे. म्हातारा खूष होऊन म्हणाला होता, "लय इमानदार झालाय." ती माझी पहिली शाबासकी, आणि शेवटचीही.

तिथून मी मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे शेतमालाच्या बाजारात, भगवानरावांच्या अडतीवर आलो. काम कापूस मोजण्याचं. पहिल्याच हंगामात भगवानरावांनी भुजंग हमालाला बोलावून माझ्या वजनाच्या पारड्याखाली तीन किलो शिसं ठोकून घेतलं. वरून डांबर फासलं. अशा चोरून लावलेल्या भाराला पासंग म्हणतात. रिकामा असताना मी एका अंगाला कलू नये म्हणून मालाच्या पारड्यात गोण्यांची जाड घडी ठेवलेली असे. कापूस चढवताना भुजंग ती सहज उचलल्यासारखी उचलून बाजूला टाकी. एवढंच. मग दर मोजणीला शेतकऱ्याचा तीन किलो कापूस फुकट जाई, आणि मी साळसूदासारखा सरळ उभा.

एकदा भुजंगच्यानं राहवलं नाही. "मालक, शिसं काढू का? लोकं बोलायलेत," असं तो हळूच म्हणाला. भगवानरावांनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत दिली. शिशाचं नाव पुन्हा तोंडातून काढायचं नाही, अशी ताकीद दिली. भुजंगनं ती पाळली. इतकी पाळली, की पुढचं सगळं त्यातूनच घडलं.

त्याच साली दिवाळीच्या तोंडावर बानूबाई आली. कडेवर ताप आलेली पोर, गाडीत स्वतः वेचलेला कापूस. आपल्या गावातल्या गिरणीच्या काट्यावर ती तो मोजून आली होती. इथं प्रत्येक गाठोडं कमी भरलं. तिनं तसं बोलून दाखवलं. भगवानरावांनी कापसात हात घातला, बोटं चोळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पानी मारून मोजला असशील तिथं. वाटंत वाळला."

हमाल हसले. रांगेतले शेतकरीही हसले, कारण त्यांचा कापूस अजून मोजायचा होता. बानूबाईनं पोरीच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "मग एकदा तुमीच बसून बगा त्या पारड्यात, मालक."

त्यावर आणखी हसू झालं. त्या दिवसापासून तिला मोंढ्यात 'पानीवाली' म्हणू लागले. नाव तिच्याआधी गावात पोचलं आणि मग कधी गेलंच नाही.

पुढं इलेक्ट्रॉनिक काटे आले. मला वखारीच्या कोपऱ्यात टांगलं. पन्नास किलोची दोन वजनं तेवढी माझ्या सोबतीला उरली. भगवानरावांची जिनिंग मिल झाली, पोट सुटलं, गुडघे गेले. खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागू लागली.

अशातच त्यांच्या नातीनं, कॉलेजात शिकणाऱ्या भक्तीनं, फोनवर त्यांना एक चित्रफीत दाखवली. परदेशातल्या एका कंपनीच्या यानात माणसं पिसासारखी तरंगत होती. भगवानरावांनी ती परत लावायला सांगितली. मग परत. स्वतःचंच ओझं झालेल्या त्या माणसाला दुसरं काही सुचेना. पैसे भरून जायचं ठरलं. प्रश्न एवढाच होता, कशातून?

"आबा, तुमी जेटनं जावा," भक्ती म्हणाली. "वीस किलोमीटर वर नेतात. भर दुपारी आभाळ काळं दिसतंय, पृथ्वीची गोलाई दिसतीय. अन् तासाभरात चाकांवर खाली."

"आन् रॉकेट?"

"ते शंभर किलोमीटर. पण तीन-चार मिनटंच तरंगायचं. अन् वजन शंभर किलोच्या आत पायजे. निघायच्या आदी तिथं मोजतात."

"जेट म्हंजे कळस बघून माघारी येनं," भगवानराव म्हणाले. "मला गाभाऱ्यात जायचंय."

गावभर फलक लागले. परत आल्यावर त्यांची गूळतुला करायचं ठरलं, म्हणजे त्यांच्या वजनाइतका गूळ तोलून वाटायचा. तोलायला अर्थात मीच.

घरातला काचेचा काटा त्यांना एकशे सहा दाखवी. त्यांनी भात सोडला, गोड सोडलं, रोज सकाळी काठी टेकत मिलला चार फेऱ्या घातल्या. काटा एकशे दोनवर आला आणि तिथंच बसला. शेवटी एका सकाळी त्यांनी तो अंगणात भिरकावला. चिनी माल, म्हणाले. आणि त्यांना माझी आठवण झाली.

मला खाली उतरवून झटकलं आणि पुन्हा टांगलं. म्हाताऱ्या झालेल्या भुजंगनं एका पारड्यात दोन्ही वजनं ठेवली. दुसऱ्यातली गोण्यांची घडी त्यानं सवयीनंच उचलली आणि त्याचा हात हवेतच थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाच आठवत होतं. तिसऱ्याला ठाऊक होतं, पण तो विसरला होता. ज्याचा फायदा झाला तो विसरतो, मित्रांनो. ज्याच्या गालावर बसली तो विसरत नाही.

"मालक..." भुजंग म्हणाला.

"मोज."

भगवानराव बसले. त्यांचं पारडं वर गेलं. शंभराच्या आत! ते लहान लेकरासारखे हसले. भक्ती म्हणाली, आबा, एकदा दवाखान्यात मोजू. त्यांनी तिला झिडकारलं. वजन जास्त भरलंच तर म्हणून कंपनीनं त्यांच्यासाठी जेटमधली एक जागा अडवून ठेवली होती, तीही त्यांनी त्याच दिवशी सोडून दिली. दुपारी ताटात तूप आलं.

मला वाचा असती तर मी बोललो असतो का? नाही. त्या पारड्यात लुबाडला गेलेला प्रत्येक माणूस मला आठवत होता.

भगवानराव परदेशी गेले. रॉकेट सुटायच्या दिवशी, संध्याकाळी, मिलच्या आवारात मोठा पडदा लावला. गुळाच्या ढेपा माझ्याशेजारी रचलेल्या. तेवढ्यात गर्दीतल्या भक्तीला तिकडून फोन आला. आबांचं वजन एकशे तीन भरलं होतं. तिथल्या लोकांनी हात जोडून त्यांना खुर्चीत बसवलं होतं. जेटमधली जागा केव्हाच दुसऱ्याला गेली होती. रॉकेट त्यांच्याशिवाय उडालं, आणि गर्दीला कळेपर्यंत खाली आलंसुद्धा.

पडदा बंद झाला. मग मागून एकानं विचारलं, "आता गुळाचं काय?"

आठव्या दिवशी भगवानराव आले ते थेट माझ्याकडे. मागोमाग गावही आलं. त्यांनी भुजंगला माझं वजनाचं पारडं उलटं करायला लावलं. डांबर खरवडलं, शिसं उघडं पडलं. भगवानरावांच्या चेहऱ्यावर सगळं आठवल्याचं मी पाहिलं. क्षणभरच. मग ते गर्दीकडे वळले.

"ह्यानं लावलं," ते म्हणाले. "माझं मीठ खाऊन ह्यानं तुमाला वीस वर्सं लुटलं."

भुजंग पुढं झाला. "मालक, नाव काढू नगं म्हनलात. म्या न्हाई काढलं."

"तुजं पाप तूच घेऊन जा. उद्यापासून मिलची पायरी चढू नगंस."

आणि त्यांनी गूळ वाटायला सांगितला. त्या गर्दीतल्या निम्म्या लोकांचा कापूस माझ्या पारड्यातून गेला होता. शिसं कुणी ठोकायला लावलं ते त्यांना सांगायची गरज नव्हती. तरी त्यांनी हात पुढं केले. गूळ चांगला होता.

बानूबाईलाही एक ढेप मिळाली. तिनं खाली वाकून शिशाचा पत्रा उचलला, तळहातावर तोलून पाहिला. "येवढ्यासाटी मला पानीवाली म्हनलात व्हय," ती म्हणाली. भगवानरावांना नव्हे, सगळ्यांना. मग ढेप माझ्या पारड्यात ठेवून चालती झाली.

तिच्यामागं दुसऱ्या कोणीही ढेप ठेवली नाही.

आता ते पाप, म्हणजे मी, पिंगळीला, भुजंगच्या गावी, त्याच्या छपरात पडून आहे. शेळ्या माझ्या दांडीला अंग घासतात. भुजंगला कुणी मजुरीला बोलावत नाही. काटा मारणारा म्हणून पोरं त्याच्या मागं ओरडतात. शिसं त्यानं काढून टाकलं. एके दुपारी त्यानं मूठभर ज्वारी पारड्यात टाकली आणि माझा काटा हलला. मी पुन्हा खरा झालो आहे, पण आता माझ्यात कोणी काही ठेवत नाही.

मित्रांनो, तुमच्या आईनं वेचलेलं, तुमच्या बापानं पिकवलेलं कुठंही मोजायला न्याल, तेव्हा आधी रिकामी पारडी बघा. त्यांत गोणी असेल तर ती उचलायला सांगा. लोक हसतील. हसू देत. आणि एखादी बाई एकटीच तसं विचारत उभी असेल, तर निदान तुम्ही हसू नका.