टोलेफ्सरुडला पहिला नंबर

ही गोष्ट तुम्हाला पटणार नाही. काउल्स क्रीक गावात आजवर कुणालाच पटलेली नाही, आणि जे त्या दिवशी बोलिंगच्या हॉलमध्ये स्वतः हजर होते त्यांना तर सगळ्यांत कमी. पण बसलाच आहात, ग्लासही भरलेला आहे, तर ऐका.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी व्हर्लिन स्ट्रोबेल खिडकीपाशी लॅपटॉप घेऊन बसला तेव्हा चांगला खुशीत होता. तासाभराने उठला तेव्हा असा तापलेला होता की त्याच्या अंगणातलं गुडघाभर बर्फ एप्रिलची वाट न बघता त्याच दुपारी वाहून गेलं. विस्कॉन्सिनचं बर्फ आहे ते, उगाच कुणाला भीत नाही.

व्हर्लिनने एकतीस वर्षं चीजची प्रतवारी केली. चीजच्या चाकात पोकळ सळई खुपसायची, फिरवून बाहेर काढायची, नाकाखाली धरायची आणि एका दमात सांगायचं, हे अव्वल, हे दुय्यम, हे कुत्र्याला घाला. निवृत्त झाल्यावर नाक रिकामं राहीना, म्हणून ते त्याने फुटबॉलच्या, म्हणजे आपल्याकडच्या चेंडू हातात घेऊन धावायच्या फुटबॉलच्या, नवख्या पोरांना लावलं. दर वर्षी वसंतात कॉलेज संपवून जी पोरं मोठ्या संघांत जातात, त्यांची तो प्रतवारी करायचा. प्रत्येकाच्या नावाचा एक पुठ्ठा, गॅरेजात सुतळी बांधलेली, त्यावर चिमट्यांनी अठ्ठेचाळीस पुठ्ठे टांगलेले. धावणाऱ्याचं वय किती, कॉलेजात त्याने किती वेळा अंगावर मार घेतला, झेलणाऱ्याचे हात थंडीत कसे चालतात, सगळं त्यावर बारीक अक्षरात. रोज सकाळी एखादा पुठ्ठा वर जायचा, एखादा खाली.

हे सगळं कशासाठी, तर लीगसाठी. बारा जण, प्रत्येकाचा खऱ्या खेळाडूंचा कागदावरचा संघ, सोळा वर्षं जुनी लीग, आणि ती घराणेशाहीची. म्हणजे दर वर्षी पाटी पुसून नवा डाव मांडायचा नाही. एकदा घेतलेला खेळाडू तुमचा तो तुमचाच, तो म्हातारा होईपर्यंत. त्याने रविवारी खऱ्या मैदानात जे कमावलं ते गुण तुमच्या खात्यात. नवीन रक्त फक्त नवख्यांच्या वाटपातून मिळायचं, मे महिन्यात, आणि त्यात आदल्या वर्षी जो शेवटचा आला त्याला पहिला मान. म्हणून तर नवख्यांची यादी म्हणजे ज्याच्या त्याच्या घरातली कुलूपबंद गोष्ट. माणूस एक वेळ बायकोचं वजन सांगेल, पण यादीतलं तिसरं नाव सांगणार नाही.

आणि व्हर्लिनच्या बोकांडी एक नियम बसला होता. लागोपाठ तीन वर्षं जो तळाला राहील त्याचा संघ काढून घ्यायचा आणि बाहेर ताटकळणाऱ्या कुणाला तरी द्यायचा. हा नियम लीगच्या सुरुवातीच्या काळात एका आळशी दंतवैद्याला हाकलायला लिहिला गेला होता, आणि लिहिणारा होता खुद्द व्हर्लिन. त्याचा ‘बिज्जू’ नावाचा संघ दोन वर्षं तळाला होता. तिसरं वर्ष समोर उभं होतं.

आता तुम्ही म्हणाल, शेवटचा आला म्हणजे पहिला मान त्याचाच. नव्हता. तो त्याने आदल्या ऑक्टोबरात समोरच्या घरातल्या, लीगमधल्याच गेलन प्रुस्कीला देऊन टाकला होता. बदल्यात घेतला एकोणचाळीस वर्षांचा एक क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा, ज्याच्या गुडघ्यांत माणसापेक्षा लोखंड जास्त, आणि गेलनची पाळी, जी पुढे दुसरी ठरली. तो क्वार्टरबॅक नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच स्ट्रेचरवरून गेला. हा व्यवहार कर म्हणून व्हर्लिनला कुणी सांगितलं? बदकाने.

मेच्या वाटपाआधी ही माणसं इंटरनेटवर लुटुपुटूची वाटपं करतात, अनोळखी लोकांबरोबर, सरावासाठी. व्हर्लिन एका वसंतात चाळीसेक करायचा. तीन वर्षांपूर्वी तिथे त्याला ‘गरीब बदक’ नावाचा एक माणूस भेटला. ओरेगनचा म्हणे, एकटा, पाठीचं दुखणं असलेला. व्हर्लिनने एखादा खेळाडू घेतला की बदक विचारायचं, याला एवढ्या वर कसा काय घेतलास भाऊ? आणि व्हर्लिन सांगायचा. पोटऱ्यांपासून सांगायचा. घरात त्याने पुठ्ठ्यांचा विषय काढला की त्याची बायको मार्लिस कपडे वाळत घालायला जायची, जानेवारीतसुद्धा. मुलगी फोनवर म्हणायची, बाबा, मी गाडी चालवतेय. जगात फक्त हे बदक पुढचं विचारायचं. तुझं नाक वेगळंच आहे भाऊ, असं लिहायचं. व्हर्लिन ते वाक्य दोनदा वाचायचा.

तर त्या शनिवारी असंच लुटुपुटूचं वाटप चाललं होतं. बदकाची पाळी आली. नव्वद सेकंदांचं घड्याळ सुरू झालं. व्हर्लिनने सहज खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यापलीकडे गेलन प्रुस्की त्याच्या गॅरेजात हीटर लावून, मांडीवर टॅब्लेट घेऊन बसला होता. सामानाची गाडी येऊन त्याच्या दारात थांबली. गेलन उठला, सही केली, खोकं आत नेलं. इकडे घड्याळ संपलं आणि मशीनने बदकाच्या गळ्यात कुणालाच नको असलेला एक किक मारणारा बांधला. गेलन परत येऊन बसला, टॅब्लेट उचलला, कपाळावर हात मारला. आणि व्हर्लिनच्या पडद्यावर अक्षरं उमटली: छे, दारात गाडी आली आणि माझी पाळी हुकली.

व्हर्लिनने ते वाचलं. मग खिडकीबाहेर पाहिलं. मग परत वाचलं.

तीन वर्षं गेलन वाटपात पाळ्यांची अदलाबदल करून नेमका व्हर्लिनच्या मनातलाच माणूस त्याच्या आधी उचलायचा. व्हर्लिन म्हणायचा, नशीब. ऑक्टोबरात बदकाने लिहिलं होतं, यंदा तूच जिंकणार भाऊ, जिंकणाऱ्याची पाळी पुढच्या वर्षी शेवटी येते, ती काय चाटायचीय, देऊन टाक. आणि दोन दिवसांनी गेलन हातात बिअरचे डबे घेऊन दारात, जुना क्वार्टरबॅक हवाय का म्हणून. व्हर्लिनने लॅपटॉप मिटला तो असा की वरच्या मजल्यावरचा आरसा तडकला. मार्लिस धावत आली. तिला काय सांगणार? चोरी झाली हे सांगता आलं असतं. चोराला आपणच रोज दार उघडून आत घेत होतो, आणि त्याने नाकाची तारीफ केली की चेहरा फुलत होता, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

चार दिवस त्याने लाकडं फोडली. स्वतःची संपल्यावर शेजाऱ्याची फोडली, मग चर्चची. पाचव्या दिवशी फावडं घेऊन रस्ता ओलांडायला निघाला तेव्हा मार्लिसने दारात आडवं होऊन विचारलं, बर्फ वितळून गेलंय, फावडं कशाला?

“त्याला पुरायला,” व्हर्लिन म्हणाला.

“मग नीट कपडे घालून जा. चौकशीला लोक येतील.”

ती बाजूला झाली नाही. तो परत गॅरेजात गेला, पुठ्ठ्यांसमोर उभा राहिला आणि एकतीस वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते त्याने केलं. एका कोऱ्या पुठ्ठ्यावर खोटं नाव लिहिलं. अँसगार टोलेफ्सरुड. धावणारा. नॉर्थ डकोटा. आणि चिमटा लावला सगळ्यांच्या वर.

मग त्याने बदकाला लिहिलं. शब्द मात्र गोड. भाऊ, फक्त तुला सांगतो. एक पोरगा आहे. कॉलेज इतकं लहान की त्यांनी फुटबॉलच बंद केला, म्हणून एकही चित्रफीत नाही. मी स्वतः गाडी काढून बघून आलो. खांद्यावर वासरू घेऊन शंभर यार्ड धावतो आणि वासराला झोप लागलेली असते. माझं स्टॉपवॉच त्याच्यापुढे सुरूच होत नाही, अंगठा दाबेपर्यंत पोरगा पलीकडे. एका मोठ्या संघाने गुपचूप बोलावलंय. कुणाला बोलू नकोस, आणि शोधूही नकोस, शोधलंस की इतरांना वास लागेल.

गेलनने शोधलंच. फोनवर शोधलं, ग्रंथालयात शोधलं, डकोटातल्या मेहुण्याला विचारलं. कुठेच काही नाही. ना फोटो, ना आकडा, ना बातमी. दुसरा कुणी म्हणाला असता, असा माणूस नाहीच. पण या लोकांची जातच वेगळी. ज्याचं नाव कुणालाच ठाऊक नाही तोच खरा ऐवज, ही त्यांची पक्की श्रद्धा. जितकं कमी सापडलं तितका गेलन जास्तच खोदत गेला. काहीच सापडेना तेव्हा त्याची खात्री पटली.

मेचा तिसरा शनिवार. बोलिंगच्या मागच्या हॉलमध्ये बारा जण, तळलेल्या चीजच्या परड्या, भिंतीवर मोठा तक्ता. लीगची कारभारीण बर्नाडीन हाश चष्मा लावून लॅपटॉपपाशी. त्या वर्षीचा खरा हिरा म्हणजे डिमेट्रिक बोलवेअर, चेंडू झेलणारा, हात असे की पडत्या पावसातला हवा तो थेंब मागा, झेलून देईल. तो मिळाला तर बिज्जू वाचणार, नाहीतर व्हर्लिनचं नाव लीगमधून पुसलं जाणार. हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि व्हर्लिनच्या हातात दुसरा नंबर होता.

गेलन उभा राहिला. एकदा व्हर्लिनकडे पाहून हसला. तीन वर्षं याच तोंडाने रस्त्यापलीकडून रामराम घातला होता.

“अँसगार टोलेफ्सरुड,” गेलन म्हणाला.

हॉलमध्ये कुणी चावायचं थांबलं. बर्नाडीनने यादी वर-खाली केली, म्हणाली, असं नाव यादीत नाही, हाताने घालावं लागेल, नक्की ना? गेलन म्हणाला, घाल. तिने घातलं.

व्हर्लिन उठला. बोलवेअर, एवढंच म्हणाला. मग मात्र त्याला बसता येईना. तो टेबलाला वळसा घालून गेलनपाशी गेला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “पाठ कशी आहे रे आता, बदका?”

गेलनचा चेहरा आधी लाल झाला, मग चीजसारखा पिवळा. कसलं बदक, मला काही माहीत नाही, असं काहीतरी पुटपुटला. व्हर्लिन त्याला म्हणाला, मला फसवलंस ते एक वेळ सोडलं असतं, पण मी तुला माणूस समजून बोलत होतो. आवाज चढवला नाही. ज्यांनी ते ऐकलं त्यांना वाटलं, चढवला असता तर बरं झालं असतं.

इथवरचं तुम्ही मानाल. पुढचं मानणार नाही.

जूनमध्ये बातमी आली. एका मोठ्या संघाने सरावाला एक पोरगा घेतला, नॉर्थ डकोटाचा, धावणारा. नाव, अँसगार टोलेफ्सरुड. हो, हसा. व्हर्लिनने रागाच्या भरात जे नाव रचलं त्या नावाचा, त्या वेगाचा माणूस डकोटात खरोखर होता, आणि व्हर्लिनने तो स्वतःच्या हाताने वैऱ्याच्या ओंजळीत टाकला होता. बातमी वाचून त्याने पेपर चावून गिळला, खेळांच्या पानापासून निधनवार्तांपर्यंत. हंगाम सुरू झाला. पहिल्या रविवारी टोलेफ्सरुड दोनशे यार्ड धावला, दुसऱ्या रविवारी तीनशे. धुळीला नि वाऱ्याला त्याच्यामागे पोचायला सोमवार उजाडायचा. बोलवेअर बिचारा जीव तोडून झेलत होता, पण शेवटचा रविवार आला तेव्हा तळाला दोघंच उरले, व्हर्लिन आणि गेलन, समोरासमोर. व्हर्लिन एकतीस गुणांनी पुढे. गेलनचा एकच माणूस खेळायचा राहिलेला. आणि तो निघाला. पहिला टचडाउन, म्हणजे चेंडू घेऊन शेवटच्या रेघेपलीकडे, एका बुटावर. दुसरा डोळे मिटून. तिसऱ्या वेळी पंचाने शिट्टी मारली तर पंचालाच काखोटीला मारून घेऊन गेला, आणि व्हर्लिनचा संघ त्याच क्षणी—

“खोटं.”

काउंटरच्या टोकाला गेलन प्रुस्की बसला होता. इतका वेळ पाठ करून बसला होता, आता स्टुलासकट वळला.

“एक पाऊल धावला नाही तो,” गेलन म्हणाला. ग्लास त्याने असा आपटला की बिअर बाहीवर सांडली. “त्या वर्षी शेवटचा मी आलो, व्हर्लिन नाही. चार वर्षं झाली, माझ्या संघात त्या नावापुढे भोपळा बसलाय. काढून टाकावं तर पहिल्या फेरीतला माणूस बाराही जणांच्या सह्या झाल्याशिवाय सोडता येत नाही. अकरा आहेत माझ्याकडे. बाराव्या सहीसाठी दर मे महिन्यात रस्ता ओलांडून व्हर्लिनकडे जातो, आणि तो हरामखोर कागद वाचतो, घडी घालतो आणि दार लावून घेतो. जन्मालाच न आलेल्या माणसाला मी पोसतोय, म्हाताऱ्या, आणि तू त्याला बूट घालतोस!”