पूल वाजला नाही

बेटावर कुणी 'आला' असं म्हणत नाही, 'वाजला' म्हणतात. पुलाच्या मधल्या सांध्यावरची लोखंडी पट्टी इतकी ढिली, की तिच्यावरून चाक गेलं की खडाड् असा आवाज थेट बेटाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. मग बायका घरातूनच विचारतात, "दूधवाला वाजला का गं?" जावई वाजतात, डॉक्टर वाजतात. एका घरी पाहुणे चालत आले, तर त्यांना दारात बघूनही घरधनीण म्हणाली, "अजून वाजलात कुठे तुम्ही?"

मुकादमांना मात्र हा विनोद कधीच पचला नाही. पुलाची देखभाल त्यांच्याकडे होती तोवर त्यांच्या कामाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती, पण ही पट्टी त्यांना पुरून उरली. आवळली की चार दिवसांत पुन्हा ढिली. आता त्यांचे गुडघे गेले, नोकरी संपली, तरी पट्टीचं नाव काढलं की कपाळावर आठी चढायचीच.

पूलही थकला होता. दुरुस्ती करून त्याच्यावरून खडीने भरलेला ट्रक नेऊन दाखवा, नाहीतर पूल कायमचा बंद, असं वरून ठणकावून सांगितलं गेलं. मग बेटाला होडीशिवाय वाट उरणार नव्हती. आणि दुरुस्तीच्या टोळीची मुकादम होती त्यांचीच लेक.

"बापाला जमलं नाही ते हिला जमणार?" दुकानदार चारचौघांत म्हणाला.

"बापापेक्षा तिचं डोकं थंड आहे," मुकादमांनी तिथल्या तिथे त्याला गप्प केलं. घरी मात्र लेकीला म्हणाले, "बाकी सगळं कर. त्या पट्टीच्या नादी लागू नकोस."

"बघू," ती म्हणाली. 'बघू' म्हणजे ऐकणार नाही. हा शब्द ती त्यांच्याकडूनच शिकली होती.

ट्रकच्या दिवशी ती ड्रायव्हरशेजारी चढून बसणार हे कळल्यावर आईने कपाळाला हात लावला. लेक म्हणाली, "पूल मी केलाय, आणि त्याच्यावर ड्रायव्हरला एकट्याला पाठवू?" त्या वाक्याने मुकादमांची छाती फुगली, आणि त्याच वाक्याने त्यांची झोपही उडवली.

घर वळणाआड. तिथून पूल दिसत नाही, फक्त ऐकू येतो. मुकादम दारात खुर्ची टाकून बसले. पलीकडून ट्रक निघाल्याचा हॉर्न आला. आता वाजेल, मग वाजेल. हातातला चहा निवला.

"अहो, वाजली का?" आतून बायकोने विचारलं.

"नाही."

ट्रक मधल्या सांध्यापर्यंत पोचलाच नाही, म्हणजे वाटेतच काहीतरी झालं. आणि लेक आत बसलेली! काठी घेऊन ते एकाच पायात चप्पल अडकवून रस्त्यावर आले, तोच वळणावरून ट्रकचं तोंड दिसलं. खडीने काठोकाठ भरलेला, मागे अख्खं बेट. लेकीने केबिनमधून उडी मारली. तोंड ग्रीसने काळंकुट्ट, दात तेवढे पांढरे.

"बाबा, असे कुठे निघालात?"

"तू वाजलीस कुठे?"

"आता नाही वाजणार. खोट पट्टीत नव्हतीच, बाबा. तुळई ज्यावर टेकते ते खालचं बेअरिंग झिजलं होतं. गाडी आली की तुळई दबायची आणि वर पट्टी उचलायची. तुळई जॅकवर उचलून बेअरिंगच बदललं."

"म्हणजे मी जन्मभर वरून आवळत बसलो?"

"तुम्ही आवळत बसलात म्हणून तर ती पट्टी पाण्यात गेली नाही."

मुकादमांना हसू आवरेना आणि डोळेही आवरेनात. बापाला न जमलेलं लेकीने केलं होतं, आणि आयुष्यात इतका आनंद त्यांना स्वतःच्या कुठल्याच कामाचा झाला नव्हता.

"पण मुकादम," दुकानदाराने मागून विचारलं, "आता कोण आलं ते कळणार कसं?"

"दार उघडून बघा की!"

तेवढ्यात घरातून पुन्हा बायकोची हाक आली, "अहो, वाजली का ती?"

मुकादमांनी लेकीच्या खांद्यावर हात टाकला आणि सगळ्या बेटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वाजली नाही गं, गाजली!"