चिकटवलेले आकडे

मी एक आलेख. लहान मुलांच्या दवाखान्यातल्या औषधांच्या पुस्तिकेत, एकोणिसाव्या पानावर माझा मुक्काम. आडव्या रेषेवर बाळाचं वजन, उभ्या रेषेवर तापाचं औषध किती एमएल द्यायचं ते, आणि मधून वर चढत जाणारी एक तिरकी रेघ. एवढाच माझा संसार.

मला हातानं कुणी काढलं नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला आणि संगणकानं मला उभं केलं. पडदाभर ऐसपैस होतो मी तेव्हा. पुस्तिकेची पानं लावत होता बाईंचा धाकटा भाऊ, भलताच टापटिपीचा माणूस. पानात बसवायला त्यानं मला आवळलं आणि माझ्याबरोबर माझे आकडेही मुंगीएवढे झाले. शिवाय अक्षराचं वळण वेगळं. पानावरचा मजकूर गोलसर, ठसठशीत; माझे आकडे काटकुळे.

"ताई, हे काय ठिगळ आणलंस?"

"आकडे बरोबर आहेत ना? मग झालं तर!"

"अगं, पण वाचता यायला नकोत का?"

म्हणणं त्याचं खरं होतं. उपाय मात्र भलताच केला. माझ्या आकड्यांवर त्यानं पांढऱ्या पट्ट्या टाकल्या आणि त्यांवर मजकुराच्याच अक्षरात, त्याच मापाचे आकडे स्वतः टाइप करून चिकटवले. खोटं कशाला बोलू, मलाही मिरवावंसं वाटलं.

पुढच्या महिन्यात त्याच औषधाची दुप्पट तीव्रतेची बाटली आली. म्हणजे द्यायचं औषध निम्मं. ताईंनी प्रोग्रॅममध्ये तेवढा बदल केला. प्रोग्रॅमनं उभ्या रेषेच्या टोकाला दहाच्या जागी पाच घातले. उभ्या रेषेवरचे सगळेच आकडे निम्मे झाल्यामुळे तिरकी रेघ मात्र होती तिथंच राहिली. भावानं नवं चित्र जुन्याच्या जागी सरकवलं. पट्ट्या तशाच. पट्टीखाली पाच, पट्टीवर दहा. मी मनातून पार हादरलो होतो, पण त्याला सगळं पहिल्यासारखंच दिसलं.

छपाईआधीची प्रत वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरकडे गेली. त्यांनी माझ्यावर बोट ठेवलं, ओठ हलवत मनात काही मोजलं आणि तडक ताईंच्या खोलीत शिरल्या. भाऊ तिथंच बसला होता.

"मॅडम, आठ किलोच्या बाळाला नव्या बाटलीतलं चार एमएल? दोन हवं ना?"

भावाचा चेहरा उतरला. "ताई, माझ्यामुळे एखादं पोर..."

"माझंही चुकलं. तू लावलेलं पान मी उघडूनसुद्धा पाहिलं नाही."

त्याच दुपारी दोघं शेजारी बसले. पट्ट्या गेल्या. आता प्रोग्रॅम मला पानाच्या रुंदीएवढाच काढतो, त्यामुळे आवळायची गरज उरली नाही. आकडे कोणते ते प्रोग्रॅम सांगतो, आणि मजकुराबरोबरच, मजकुराच्याच अक्षरात ते आपोआप बसतात. मध्ये कुणाचा हात नाही.

आज मी वॉर्डातल्या टेबलावर उघडा पडलेला असतो. माझे आकडे किती सुबक आहेत असं कुणी म्हणत नाही, आणि तेच बरं आहे. मोठ्या सिस्टर अजूनही आधी स्वतः मोजतात, मगच औषध ओततात. मला त्याचा राग येत नाही. माझ्याकडे आलात तर तुम्हीही तसंच करा. चुकलो तर मला सांगता येणार नाही, आणि बाळालाही.