बर्फावरचं पिल्लू

"काका, आवाज कसा झकास आलाय ना?" टेप थांबवत जयवंतने विचारलं.

अंबादासकाका गोंधळले. "पुढचं कुठे गेलं?"

"कापलं. लांबत होतं."

घाटकोपरच्या त्या चाळीतल्या गणपतीपुढे यंदा बर्फाचा देखावा होता. भारताची पहिली मोहीम अंटार्क्टिकाला जाऊन आल्यापासून मंडळाने बर्फाचा ध्यासच घेतला होता. थर्मोकोलचा बर्फ, त्यावर प्लास्टरची सील मादी आणि कापूस चिकटवलेलं तिचं पांढरं पिल्लू. मादी जरा म्हशीवर गेली होती. हे सील तिकडचं नव्हे, उत्तर ध्रुवाकडचं, असं काकांनी चाचरत सांगून पाहिलं होतं. "बर्फ तो बर्फच," म्हणत जयवंतने विषय मिटवला होता.

वाचनालयातून निवृत्त झालेल्या काकांना मंडळाने पहिल्यांदाच काम दिलं होतं, निवेदन लिहायचं. चार पुस्तकं चाळून त्यांनी ते लिहिलं. टेपवर त्यातलं एवढंच उरलं होतं: 'हजारो पिल्लांत आई आपलं पिल्लू वासावरून ओळखते. जेमतेम बारा दिवस त्याला पाजते. मग त्याला बर्फावर एकटं सोडून समुद्रात निघून जाते.' आणि लगेच सनई.

"जयवंत, हे असं नको रे. सुगंधा ऐकेल."

काकांच्या शेजारची सुगंधा परवाच कोकणातून एकटी परतली होती. तान्हं बाळ सासूजवळ ठेवून. औषधांच्या कारखान्यातली रजा संपली होती आणि नोकरी अजून कायम झालेली नव्हती.

"अहो, बायका रडल्या की गर्दी वाढते. टेन्शन घेऊ नका."

दुपारभर काका अस्वस्थ होते. दोनदा मंडपापर्यंत गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून गेले, आणि दोन्ही वेळा गणपतीची फुलं सारखी करून परत आले.

संध्याकाळी सुगंधा रांगेत दिसली. ती आज येणार नाही अशी काकांना उगाच आशा होती. ते दोरीपाशी जाऊन उभे राहिले. तिथे उभं राहून काय साधणार होतं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

टेप त्या वाक्याशी आली. निघून जाते. सनई.

"बघ गं," मागून चाळीतलीच मालन म्हणाली, "जनावरालापण जड जात नाही."

सुगंधाने मागे पाहिलं नाही. ती त्या कापसाच्या पिल्लाकडे बघत होती.

"तसं नाही," काका म्हणाले. सनईत ते कुणालाच ऐकू गेलं नाही. त्यांनी घसा खाकरला. "तसं नाही ते. तिचं दूध लोण्यासारखं असतं. बारा दिवसांत पिल्लू गुबगुबीत होतं. पुढे कितीतरी दिवस त्याच चरबीवर राहतं. मग आपलं आपण पाण्यात उतरतं."

रांग थांबली होती. एवढ्या लोकांपुढे आपण बोललो, हे काकांच्या आत्ता लक्षात आलं.

"मगे जगता काय ता, काका?" सुगंधाने विचारलं.

"जगतं," काका म्हणाले. बरीचशी पिल्लं वर्षसुद्धा काढत नाहीत, हेही त्यांनी वाचलं होतं.

"आणि आयेचा काय होता?"

काकांनी चारही पुस्तकं मनात उलटून पाहिली. पिल्लाचं वजन होतं, कातडीचा रंग होता, दुधातली चरबी होती. आईचं पुढे काय होतं, ते कुणीच लिहिलं नव्हतं.

"पुढे चला, पुढे चला," जयवंत ओरडला.

सुगंधाने हात जोडले. तिच्या ब्लाउजवर ओला डाग पसरत चालला होता. काकांनी नजर खाली वळवली. तिने पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून घेतला, प्रसादासाठी हात पुढे केला आणि रांगेबरोबर पुढे सरकली.